रातपाळीची झोप

आमच्या क्वार्टरच्या फाटकाला ज्या आठवड्यात लाल चिंधी बांधलेली असे, त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्यानं शिंकायचंसुद्धा नाही. चिंधी मायच्या फाटक्या लुगड्याची. ती आमच्या लाइनीत, म्हणजे क्वार्टरांच्या रांगेत, सगळेच बांधायचे, तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी, सगळे. पोलादाच्या प्लांटमध्ये जिथं लाल झेंडी तिथं हात लावायचा नाही, तोच कायदा लोकांनी घरी आणला होता. चिंधी दिसली की डाकिया चिठ्ठी कुंपणावरून आत टाकायचा, भाजीवाली टोपलं डोक्यावर घेऊन मुकाट पुढं जायची, पोरं आपला खेळ उचलून दुसऱ्या लाइनीत न्यायची. आत रातपाळीवाला झोपला आहे एवढाच त्याचा अर्थ. फरक इतकाच की दुसऱ्यांच्या घरातला रातपाळीवाला उठला की चहा मागायचा. आमचे बाबा उठले की मारायचे.

बाबा कोक ओव्हनमध्ये होते. दगडी कोळसा बंद भट्ट्यांत भाजून त्याचा कोक करतात, त्या भट्ट्यांच्या माथ्यावर उभं राहायचं काम. बुटाला लाकडी तळवे बांधून जात, नाहीतर रबर वितळायचं. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची, आणि पुन्हा तेच. शरीराला एका वेळेची जरा सवय लागते न लागते तोच वेळ बदलायची. रातपाळीहून ते सातच्या सुमारास सायकलवर येत. मागच्या आंगणात सिमेंटच्या टाकीवर आंघोळ करत आणि बासी खात. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ, हाताच्या बुक्कीनं फोडलेला कांदा आणि हिरवी मिरची. विदर्भातून आलेल्या माणसाला आमच्या छत्तीसगढी शेजाऱ्यांनी लावलेली ही सवय, आणि उन्हाळ्यात त्यांना दुसरं काही गोड लागत नसे. मग समोरच्या खोलीत लोखंडी पलंगावर आडवे होत. खिडकीला कांबळं. नळाच्या तोंडाला माय फडकं बांधून ठेवायची, म्हणजे पाणी फडक्यावरून घसरत बादलीत मुकाट्यानं उतरायचं. भांडी पोत्यावर घासायची. कुकरची शिटी वाजायच्या आत ती चिमट्यानं उचलून धरायची. मी आज रिसालीत माझ्या स्वतःच्या घरात राहते, घरात कोणी रातपाळीला नाही, तरी शिटीला चिमटा लावते. सून हसते. हसू दे.

चार वाजता उठवायचं. उठवायची रीत ठरलेली होती. डोक्याकडून जायचं नाही, हाक मारायची नाही. पायथ्याशी उभं राहायचं, पायाचा अंगठा एकदा दाबायचा आणि दोन पावलं मागं सरायचं, हात पाठीमागं. कारण अंगठा दाबला की आधी बाबांचे हातपाय उठत. मूठ हवेत फिरे, लाथ सुटे, तोंडातून गुरगुर निघे. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत आम्ही कोणी नसायचो. पाव मिनिट, कधी अर्धं मिनिट. मग त्या डोळ्यांत बाबा येत आणि म्हणत, "किती वाजले?"

ही रीत आम्हाला फुकट मिळाली नव्हती. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ आनंद, दहा वर्षांचा असताना त्यानं एकदा बाबांना खांदा धरून हलवलं होतं. त्याचे समोरचे दोन दात जमिनीवर पडले. त्याच्या आधी कधीतरी मायनं कपाळाला हात लावून उठवलं, तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. त्या कानानं तिला पुढं जन्मभर ऐकू आलं नाही. बाबांना नंतर यातलं काही आठवायचं नाही. "म्या मारलं?" असं ते खरोखर विचारायचे.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दर वर्षी फळ्यावर मेंदू काढायचा आणि त्याच्या खाली मानेत उतरणारा देठ काढायचा. पुस्तकात त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वास, काळजाचे ठोके, रक्ताचा दाब, गिळणं, ओकणं, झोप आणि जाग, सगळं तिथून चालतं. त्यातलं एक जाळं वरच्या मेंदूला सारखं ढोसत असतं, म्हणून आपण जागे. त्यानं ढोसणं कमी केलं की झोपलो. आणि गाढ झोपेतून एकदम उठवलं की खालचा देठ आधी जागा होतो, काळीज धावायला लागतं, हातपाय तयार होतात, आणि ज्याला आपण शहाणपण म्हणतो ते वरून डोळे चोळत नंतर येतं. हे शिकवताना माझा आवाज कधी हलला नाही. पोरं वहीत आकृती काढायची, मी खिडकीबाहेर बघत राहायची.

पण एक सांगून ठेवते, कारण लोकांना असल्या गोष्टीत लगेच दया येते. झोपेतला मार त्या देठाचा असेल. जागेपणीचा मार बाबांचाच होता. कंबरेचा पट्टा काढून, बक्कल बाहेर ठेवून, आंगणाचं दार आधी लावून घेऊन माणूस मारतो तेव्हा तो पुरता जागा असतो. तीन आठवड्यांतून एकदा झोप उलटी होते, डोकं भणभणतं, हे सगळं मला मान्य आहे. लाइनीत शंभर माणसं त्याच पाळ्या करत होती, त्यांच्या बायकांना ऐकू येत होतं. बाबांवर माझं प्रेम होतं हेही खरं. ते मला सायकलच्या दांड्यावर बसवून बाजारात नेत, तेव्हा त्यांच्या अंगाला डांबराचा वास येई आणि तो मला आवडे. दोन्ही खरं आहे, काय करू.

तो उन्हाळ्याचा, रातपाळीचा आठवडा होता. मी पंधरा वर्षांची, दादा एकोणीस. दादा रसमड्याच्या एका छोट्या कारखान्यात रोजीनं जायचा. तिथं मुकादमाशी भांडण होऊन त्यानं काम सोडलं, आणि ते घरी सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि तलावाच्या पाळीवर बसून परत यायचा. बाबांना ते रातपाळीत कोणीतरी सांगितलं. सकाळी ते आले ते सायकल स्टँडवर न लावता तशीच टाकून आले. ती पडल्याचा आवाज ऐकून मी मागच्या दारात आले. दादा टाकीजवळ दात घासत होता. बाबांनी आंगणाचं दार लावलं.

"कुठं जातो बे रोज डबा घेऊन?"

दादानं तोंडातला फेस थुंकला.

"मी तठी आगीवर उभा राहतो आन् तू तलावाची हवा खाऊन राहिला?"

पहिले दोन-तीन पट्टे दादानं पाठीवर घेतले. तो नेहमी तसंच करायचा, पाठ द्यायचा आणि डोकं हातात. मग माय मधे गेली. ती नेहमी मधे जायची. पट्टा उलटा फिरला आणि बक्कल तिच्या कपाळावर बसलं. रक्त भुवईवरून डोळ्यात आलं आणि ती खालीच बसली. दादानं ते पाहिलं आणि दोन्ही हातांनी बाबांच्या छातीवर धक्का मारला. आयुष्यात पहिल्यांदा. बाबांचा पाय साबणाच्या पाण्यावर होता. ते सरळ मागं गेले आणि डोक्याची बाजू, कानाच्या वर, टाकीच्या काठावर आपटली. नारळ फोडतात तसा आवाज आला.

बाबा थोडा वेळ तसेच पडून राहिले, मग उठून बसले. डोक्याला हात लावला, बोटांवर थोडंसं रक्त, फार नाही. आम्ही तिघंही वाट बघत होतो की आता दादाचा जीव जातो. पण ते म्हणाले, "पानी दे." प्यायले. पाटावर येऊन बसले, बासीचे चार घास खाल्ले आणि वाटी सरकवली. "डोकं फिरून राहिलं," असं मायला म्हणाले. मग उभे राहिले, भिंतीला हात लावून समोरच्या खोलीकडे गेले आणि दारात वळून दादाला म्हणाले, "झोपू दे मले. उठल्यावर पाहातो तुह्याकडे. आज तुले जित्ता ठेवत नाई."

हे ते रागात ओरडून बोलले असते तर आम्ही इतके घाबरलो नसतो. त्यांनी ते हळू सांगितलं.

मायनं कपाळाला हळद दाबली, फडकं बांधलं आणि तेवढ्यात सगळं ठरवलं. दुपारी तीनला दुर्गहून नागपूरकडे गाडी होती. नागपूरला मामा. दादानं तोवर मागच्या लाइनीत दोस्ताकडे बसायचं, दीडला दोस्ताच्या सायकलवर दुर्गला निघायचं. "बाबा उठाच्या आंदी तू गाडीत पायजे," माय म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "विशाखे, तू पायरीवर बस. आज पाखरू वरडलं नाई पायजे." आणि तिनं स्वतःच्या हातानं फाटकावरची लाल चिंधी सोडून पुन्हा बांधली, दोन गाठी मारून.

अशी मी पायरीवर बसले. असा पहारा मी कधी केला नव्हता. इतर दिवशी माझं चित्त खेळात असायचं, त्या दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्या कुत्र्यालाही मी खडा दाखवला. आतून बाबा घोरायला लागले, आणि किती घोरले! रोजच्यासारखं नाही, खोल, घशातून, ओल्या लाकडावर करवत चालावी तसं. मी खुश झाले. म्हटलं, आज गाढ झोपले, आज पाच वाजेपर्यंत उठत नाहीत. माय मधे एकदा दारापर्यंत आली, डोकावली आणि मला हातानं खूण केली, छान झोपले म्हणून. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या, कुजबुजल्या, "आज तो बड़ी अच्छी नींद लगी है भैया को." मी ओठावर बोट ठेवलं. एक माणूस आत मरायला टेकला होता आणि आम्ही सगळ्या बायका त्याची झोप मोडू नये म्हणून पायाच्या बोटांवर चालत होतो. हे दुसऱ्या कोणत्या घरात झालं असतं असं मला वाटत नाही. दुसऱ्या घरात कोणीतरी जाऊन बघितलं असतं.

बाराच्या पुढं घोरणं बदललं. मोठं होत जाई, मग लहान होत जाई, मग थांबे. मी आकडे मोजायची. पंधरा, वीस. मग एकदम मोठा श्वास आणि पुन्हा सुरू. मला त्याचा अर्थ कळत नव्हता. पण बरं नाही, इतकं कळत होतं.

मग एकच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. "इशे." तशीच, जीभ जड झाल्यासारखी. एकदाच. माय मागं धुणं धूत होती, तिच्या कानापर्यंत ते जाणं शक्य नव्हतं. मी उठून दाराचा पडदा बाजूला केला. बाबा उताणे होते. दोन्ही हात अंगाला लागून ताठ आणि मनगटं बाहेरच्या बाजूला वळलेली, पायांची बोटं नाचणारीसारखी टोकाला ताणलेली. चादर ओली होती. उशीवर ओकारी होती. बाबांनी कधी बिछाना ओला केला नव्हता. मी ते सगळं नीट पाहिलं, घाईनं नाही, अगदी नीट.

आणि पडदा सोडून मी परत पायरीवर येऊन बसले.

का? भेव होतं हे तर आहेच. जवळ गेले आणि मूठ लागली तर? पण भेवापेक्षा दुसरं मोठं होतं. आत्ता हाक मारली, माय धावली, बाबा उठले, तर दादा अजून मागच्या लाइनीत होता. माझ्या डोक्यात एकच होतं, गाडी सुटू दे. दीडला रस्त्याच्या टोकाशी दोस्ताच्या सायकलवर मागं बसलेला दादा दिसला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी हात हलवला नाही, आवाज होईल म्हणून. मग दोन वाजले. अडीच. कोपऱ्यावरच्या दुकानातलं घड्याळ मला पायरीवरून दिसायचं, त्याच्यावरून मी नजर काढली नाही. आणि आणखी एक खरं सांगते, म्हातारपणी आता लपवून काय करायचं. मला त्या वेळी बरं वाटत होतं. ते आत पडलेत आणि उठू शकत नाहीत, हे मला मनातून बरं वाटत होतं.

तीन वाजून गेल्यावर मी आत गेले. पायथ्याशी उभी राहिले, अंगठा दाबला, दोन पावलं मागं. काही नाही. पाय फक्त आणखी ताठ झाला. नखानं दाबला. मग मी डोक्याकडे गेले, जिथं आम्ही कोणी कधी जात नव्हतो, आणि त्यांचा खांदा हलवला. "बाबा." मग मी त्यांच्या तोंडात मारली. एका गालावर, मग दुसऱ्या. जोरात, माझी बोटं त्यांच्या गालावर उठेपर्यंत, आणि एकदा सुरू झाल्यावर माझा हात थांबेना. "उठा नं! उठा!" माय दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी त्यांना मारतच होते. तिच्या हातातली बादली पडली. रातपाळीच्या आठवड्यात त्या घरात भांडं पडल्याचा तो पहिला आवाज.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. एक बाहुली मोठी होती, ती उजेडानं आकसली नाही. त्यांनी विचारलं, "कब से सो रहे हैं ऐसे?"

"सकाळी आठपासून," माय म्हणाली.

"और किसी ने उठाया नहीं?"

"नाइट ड्युटी होती," माय म्हणाली, जणू त्यात सगळं आलं.

त्यांनी मायच्या कपाळाचं फडकं पाहिलं आणि त्यावर काही विचारलं नाही. मग माझ्याकडे वळल्या. सोने के बाद कुछ बोले थे? आवाज़ दी थी? ते कळलं तर रक्त कधी दाबायला लागलं ते कळतं, असं त्यांनी समजावलं. मी म्हणाले, "नहीं."

त्यांनी डोक्याला भोक पाडून साकळलेलं रक्त काढलं. नंतर व्हरांड्यात आम्हाला समजेल असं दाखवलं. एक मूठ वळली, ती मेंदू. खाली मनगट, तो त्याचा देठ. वर रक्त साचलं, कवटी हाडाची, जागा नाही, म्हणून मेंदू खाली सरकला आणि देठ चेंगरला. दुसऱ्या हातानं त्यांनी स्वतःचं मनगट करकचून धरलं. म्हणून ते घोरणं, म्हणून थांबणारा श्वास, म्हणून ते ताठ हात. "वो नींद नहीं थी," त्या म्हणाल्या. आणि मग, आमच्याकडे न बघता, "दो घंटे पहले ले आते तो बात और थी." मी मोजलं. एक ते तीन.

मामाला केलेली तार मिळाली आणि तिसऱ्या दिवशी दादा परत आला. बाबांच्या पलंगाजवळ तो उभा राहू शकला नाही. व्हरांड्यात गेला आणि भिंतीवर बुक्क्या मारायला लागला, एकामागून एक, बोटांची सालं निघून भिंत लाल होईपर्यंत. वॉर्डबॉयनं धरलं त्याला. "मी मारलं," एवढंच म्हणायचा. जेवायचा नाही, डोळ्याला डोळा नाही, दाढी वाढलेली. माय त्याला म्हणायची, "पाय घसरला त्याहिचा." लाइनीतले लोक भेटायला येत ते बाबांना बघत आणि मग वळून दादाला बघत. मी त्याला एका वाक्यात हलकं करू शकत होते. नाही केलं. मी त्याच्यासाठी डबा आणायची आणि तोच डबा भरलेला परत न्यायची.

काही दिवसांनी बाबांचे डोळे उघडायला लागले. दिवसा मिटलेले, संध्याकाळनंतर उघडे. माय नर्सला सांगायला गेली, "त्याहिची नाइट चालू हाय नं, दिवसा झोपतेत." आणि तिनं वॉर्डच्या नळाला फडकं बांधलं. खरंच बांधलं. डॉक्टरीणबाईंनी ते सोडून फेकलं आणि ओरडल्या, इथं शांतता नको, बोला त्यांच्याशी, हाका मारा, भांडी वाजवा, त्या देठाला आवाज हवा आहे. माय त्यांच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, "आनंदाचे बाबा." तिच्याच्यानं मोठा आवाज निघेचना. वीस वर्षांची सवय, एका हुकमानं जाते होय?

नवव्या दिवशी ती त्यांची मान पुसत होती आणि बाबांचा डावा हात फाडकन उठला. मायच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, दात लाल झाले, आणि माय हसायला लागली. रक्ताच्या तोंडानं, आख्ख्या वॉर्डात ऐकू जाईल असं. "उठले! मारलं मले, मारलं! विशाखे, बाबा उठले!" मीही हसले. दादा धावत आत आला. त्या घरातल्या मारानं आनंद झाला तो तेवढ्या एकदा, आणि त्याची मला अजून लाज वाटते. डॉक्टरीणबाईंनी चिमटे काढले, बॅटरी मारली, नावानं हाका मारल्या. मग म्हणाल्या, "हाथ उठा है. आदमी अभी नहीं उठा." माय ओठावर पदर धरून उभी राहिली. मी चार वाजताच्या त्या सगळ्या मुठी आठवत राहिले.

मग हाका मारायचं काम मी घेतलं. रोज सकाळ-संध्याकाळ कानाशी ओरडायची. नाव, गाव, क्वार्टर नंबर, शाळेचे पाढे, जे सुचेल ते. घसा बसला. एकोणिसाव्या दिवशी, भर सकाळी, मी ओरडत होते आणि बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ते डोळे वेगळे होते, त्यांत बाबा होते. जीभ जड, शब्द एकेक करून, उजवा हात चादरीवर मेल्यासारखा. ते म्हणाले, "किती... वाजले?"

माय आणि दादा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होते. दादा त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. बाबांना काही आठवत नव्हतं, ना पट्टा, ना टाकी. त्यांना वाटत होतं रातपाळी करून झोपलो आणि झोप जास्त झाली.

"ड्युटी... चुकली. उठवलं... काऊन नाई?"

"माह्यामुळं, बाबा," दादा म्हणाला. "म्या ढकललं तुमाले. माह्यामुळं झालं सारं."

आणि मग मला सहन होईना. एकोणीस दिवस मी ते आत दाबून ठेवलं होतं, ते ओकारीसारखं वर आलं. "बाबा, तुमी हाक मारली होती मले. एक वाजता. मी आली, पाह्यलं, आन् उठवलं नाई. चादर ओली होती, सारं पाह्यलं म्या. दादाची गाडी सुटू द्याची होती. तीन वाजेलोक म्या कोनाले सांगितलं नाई."

दादानं डोकं वर केलं. "एक वाजता?" तो म्हणाला. "तुले एक वाजता मालूम होतं?"

तो पलंगाला वळसा घालून आला. घाई केली नाही. माझ्यासमोर उभा राहिला, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि पूर्ण हात मागं नेऊन माझ्या कानाखाली मारली. मी स्टुलासकट खाली पडले. त्यानं मला दंडाला धरून उभं केलं आणि पुन्हा मारली. माय, जी जन्मभर मधे पडत आली, ती त्या दिवशी जागची हलली नाही. तिनं फक्त पदर तोंडात धरला.

बाबा बघत होते. त्यांचा ओठ एका बाजूनं हलला, थुंकी आली, आणि बऱ्याच वेळानं शब्द आले. दादाला विचारलं त्यांनी.

"गाडी... भेटली का बे... तुले?"

दादाचा हात वरच राहिला. "भेटली, बाबा," तो म्हणाला.

"मंग... ठीक."

आणि त्यांनी डोळे मिटले. या वेळी ती झोपच होती.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. ओव्हनवर गेले नाहीत, उजवा हात कधी खांद्याच्या वर गेला नाही. दादानं मला पुन्हा कधी हात लावला नाही, आणि त्या दिवसाबद्दल त्यानं माफी मागितली नाही. मीही कधी त्याला मागू दिली नसती. त्या घरात मी पुष्कळ मार खाल्ला, झोपेतला, जागेपणीचा, कोणाच्या तरी वाटणीचा. माझ्या स्वतःच्या वाटणीचा म्हणावा असा तेवढा एकच.